मिशन समितीचा निमंत्रक नेमण्यापूर्वी

प्रति,
मराठी मंडळ्यांच्या (चर्चच्या) कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिट्यांचे सन्माननीय सभासद, पाळक आणि वडीलजन यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

वार्षिक सर्वसाधारण सभा आटोपली की आपल्याकडे समित्यांची फेररचना होते. मालमत्ता समिती कोणाकडे जावी, तरुण संघ कोणी सांभाळावा यावर तास तास वाद होतात. मिशन समितीच्या निमंत्रकाचे नाव मात्र सभेच्या अगदी शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर, पुकारले जाते, आणि बहुधा ज्याला दुसरे काही देता आले नाही त्याच्याच गळ्यात ते पद पडते. आता काही मंडळ्या हे पद पगारी करण्याच्या आणि गावाजवळचे काम व परदेशातील काम असा दुहेरी कारभार एकाच व्यक्तीकडे सोपवण्याच्या विचारात आहेत. हा विचार चांगला आहे. त्यावर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी या पदावरची व्यक्ती कोणाला उत्तरदायी असेल हे आपण ठरवून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

देणगीदारांना हिशेब द्यावाच लागतो, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्यांच्या दारी आपण जातो, त्यांना मिशनच्या नेत्याने अधिक उत्तरदायी असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हे जगातील अनेक मंडळ्यांना पुस्तकातून शिकावे लागते. आपल्याला ते आपल्या वंशावळीतूनच कळायला हवे, कारण दीडशेहून अधिक वर्षे आपण स्वतःच दुसऱ्या कोणाच्या तरी परदेशी मिशनच्या अहवालातील एक प्रकरण होतो.

1810 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू झाले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 मध्ये मुंबईस आली आणि मुलींच्या शाळांसाठी तिने उरलेले सर्व आयुष्य वेचले; तिच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही, आणि मी ते नाकारत नाही. परंतु या सगळ्या कामाची दिशा ठरवणारी कचेरी बोस्टनमध्ये होती. जहाजाने गेलेल्या पत्राचे उत्तर यायला महिने लागत, आणि ते उत्तर ज्यांच्याविषयी असे त्यांच्या हाती ते कधीच पडत नसे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 1854-55 चे आहे. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्या वर्षी पाहणीसाठी भारतात आले. परदेशातील मंडळ्या स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक व्हाव्यात हे तत्त्व ज्यांनी जगापुढे मांडले त्यांतील ते एक अग्रणी. एतद्देशीय पाळकांना दीक्षा देऊन मंडळ्या त्यांच्या स्वाधीन करा, हा आग्रह त्यांनी येथील मिशनऱ्यांपुढे धरला, आणि आज मराठी पाळकाच्या मागे उभे राहून आपण प्रार्थना करतो त्यामागे त्या आग्रहाचा वाटा आहे. त्याच भेटीतून दुसरेही धोरण पक्के झाले: इंग्रजी शिक्षण हे मिशनचे काम नव्हे. त्यानुसार मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. त्याच काळात सरकारी विद्यालयांतून इंग्रजी शिकलेली इतर समाजांची मुले कचेऱ्यांत आणि न्यायालयांत शिरत होती. ज्यांच्या मुलांचा हा प्रश्न होता, त्यांचा शब्द त्या निर्णयात अखेरचा नव्हता. अँडरसन दूरदर्शी होते आणि प्रामाणिकही होते. तरीही एकाच दौऱ्यात त्यांच्या हातून एक फार मोठे भले आणि, माझ्या मते, एक मोठे नुकसान झाले. चांगला मिशन नेतासुद्धा दुरून निर्णय घेऊ लागला की काय होते, ते यावरून दिसते.

पुढे नारायण वामन टिळकांनी याच नात्याचा काच सोसला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि अनेक वर्षे मिशनच्या पगारावर राहिलेल्या या कवीने 1917 मध्ये ती नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि तो दरबार पुढे टिकला नाही. तरी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगण्याची जी रीत आपण आज आपली म्हणून मिरवतो, ती परदेशी कचेरीच्या ठरावातून आलेली नाही, हे निमंत्रक नेमताना लक्षात असावे.

त्याही आधी, 1910 साली, एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायाह या पस्तीस वर्षांच्या तमिळ ख्रिस्ती गृहस्थाने भरसभेत सांगितले होते, की तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना खाऊ घालण्यासाठी दिलीत, आपली शरीरे जाळण्यास दिलीत. आम्ही प्रीतीही मागतो, आम्हांला मित्र द्या. हे भाषण आपल्याकडे वारंवार उद्धृत होते, ते बहुधा गोऱ्या मिशनऱ्यांना बोल लावण्यासाठी. ते बोलणारा माणूस स्वतः मिशनचा नेता होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. 1903 मध्ये तिरुनेलवेलीच्या इंडियन मिशनरी सोसायटीच्या आणि 1905 च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे (बंगालमधील, आपले नगर जिल्ह्यातील नव्हे) नॅशनल मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. भारतीय माणसे, भारतीय पैसा, भारतीय नेतृत्व, हे त्या दुसऱ्या संस्थेचे सूत्र होते. तमिळ प्रदेशातून ते तेलुगू भाषकांत, दोर्नकलला गेले, तेलुगू शिकले आणि 1912 मध्ये तेथले बिशप झाले. म्हणजे मागणारा आणि पाठवणारा या दोन्ही बाजू एका माणसाने जगून पाहिल्या होत्या. आपल्या निमंत्रकात मला शोधायचे आहे ते हे.

आता स्थानिक आणि परदेशी अशी विभागणी. ती कागदावर सोयीची असली तरी व्यवहारात तिचा परिणाम एकच होतो: परदेशाच्या वाट्याला उत्साह, छायाचित्रे आणि निरोपसमारंभ येतात, आणि जवळच्या कामाच्या वाट्याला हंगामाच्या सणातले उरलेसुरले धान्य. पवित्र शास्त्रात ही विभागणी नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी यहूदीयातील भावांसाठी दुष्काळात मदत पाठवते ती बर्णबा व शौल यांच्या हाती. आणि तेराव्या अध्यायात तीच मंडळी परदेशी सुवार्तेसाठी वेगळी करते तेही बर्णबा व शौल यांनाच. ज्यांनी आधी मदतीची थैली विश्वासाने पोचती केली, त्यांनाच पुढे समुद्रापलीकडे पाठवले गेले. शिवाय ते परतल्यावर त्यांनी सगळ्या मंडळीला एकत्र जमवून वृत्तांत दिला; एका समितीच्या बंद खोलीत दिला नाही.

जवळचे काम म्हणजे काय, हे शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बीड आणि नगर जिल्ह्यांतून दरवर्षी पावसाळा सरला की ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत आपल्याच नात्यातील, आपल्याच खेड्यातील मंडळ्यांतील माणसे आहेत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल अंगावर असते आणि पोरांची शाळा वर्षाच्या मध्येच तुटते. या मुलांसाठी गावात निवासाची सोय चालवणे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची औषधे पाहणे, कारखान्याच्या तळावर जाऊन बाळंतिणीची विचारपूस करणे, याला आपण मिशन म्हणत नाही, कारण त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

याउलट जामखेडकडे पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा लोकांची पहिली गरज दवाखाना नसून पाणी आणि अन्न होती. दुष्काळाची ती वर्षे होती. डॉक्टर असूनही त्यांनी लोकांचे ऐकले. पुढे गावानेच निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका झाल्या. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि आज परदेशातील लोक शिकायला जामखेडला येतात. जवळचे काम नीट केले की परदेश आपल्या दारी येतो, याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. तरीही आपल्या मिशन समित्यांच्या अभ्यास सहली जामखेडला जातात का, हा प्रश्न प्रत्येक कमिटीने स्वतःला विचारावा.

पैशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निमंत्रकाचा पाय सर्वाधिक येथेच घसरतो, आणि बहुतेकदा तो अज्ञानाने घसरतो.

आपल्या मंडळीत वाढलेला, आता अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारा सभासद नाताळच्या सुमारास मिशनसाठी पैसे पाठवतो. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने रक्कम पाठवली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते परकीय योगदान नव्हे. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी ती रक्कम परकीय योगदान ठरते. सुट्टीवर आलेल्या अशा सभासदाने अर्पणाच्या थाळीत भारतीय नोटा टाकल्या तरी तेच. परकीय योगदान (विनियमन) कायदा 2010 खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना असे पैसे घेणे गुन्हा आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी एक मोठी संस्था पैसा घेई आणि लहान मंडळ्यांना वाटी. ती वाट आता बंद आहे. ज्या निमंत्रकाला हे ठाऊक नाही, तो पूर्ण सद्भावनेने संपूर्ण विश्वस्त संस्थेला अडचणीत आणू शकतो.

पैसा बाहेर पाठवायचा असला तरी तो सरळ जात नाही. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सवलत आपोआप लागू होत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. म्हणून ‘परदेशी मिशनसाठी निधी’ अशी पाटी लावून डबा फिरवण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटशी बोलणे हे निमंत्रकाचे पहिले आध्यात्मिक कर्तव्य आहे, असे मी गंभीरपणे म्हणतो.

मोठ्या देणग्यांपेक्षा मला मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची रीत अधिक भरवशाची वाटते. 1910 च्या सुमारास तेथील बायकांनी प्रत्येक वेळी स्वयंपाकाला बसताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली. ती रीत आजही चालू आहे, आणि त्या मुठींच्या आधारावर डोंगराळ, लहानशा राज्यातील ती मंडळी आपले मिशनरी इतर राज्यांत आणि देशाबाहेर पाठवते. त्यात परवानगीचा प्रश्न नाही, देणगीदाराचा दबाव नाही, आणि दिवसातून दोनदा घराघरांत कामाची आठवण होते. आपल्याकडच्या महिला मंडळांना हे सांगावे लागणार नाही. त्यांच्या हाती हिशेब मात्र द्यावा लागेल.

परदेशाच्या बाबतीत आपली पहिली धाव नेपाळकडे असते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, भाषा हिंदीवर भागते असे वाटते आणि खर्च आवाक्यात असतो. आठ-दहा जणांचा गट गिटार आणि पत्रके घेऊन निघतो. नेपाळच्या 2015 च्या संविधानाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि 2017 च्या फौजदारी संहितेनुसार तो पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. परदेशी व्यक्तीची शिक्षा पूर्ण होताच तिला देशाबाहेर काढले जाते. आपला गट आठवड्याने परत येतो आणि चर्चमध्ये साक्षी देतो. पोलीस चौकीत बोलावले जाते ते मागे राहिलेल्या नेपाळी पाळकाला. म्हणून त्या पाळकाने लेखी बोलावल्याशिवाय, आणि त्याने ज्या कामासाठी बोलावले तेवढ्याच कामासाठी, कोणीही जाऊ नये, असा नियम निमंत्रकाने करावा. तो मोडणाऱ्याला, मग तो पाळक का असेना, नाही म्हणण्याचा अधिकार निमंत्रकाला कमिटीने द्यावा.

एक परदेश तर आपण पाहतच नाही. आखातात आपल्या मंडळ्यांतील परिचारिका, चालक आणि तंत्रज्ञ आहेत. संयुक्त अरब अमिरातीत त्यांना नेमून दिलेल्या चर्च संकुलांत, इतर भाषांच्या मंडळ्यांबरोबर वेळा वाटून घेत, उपासना करावी लागते. त्यांच्याशी नियमित पत्रव्यवहार असणारी किती मिशन समित्या असतील? जाण्यापूर्वी एजंट ई-मायग्रेट या परदेशी नोकऱ्यांसाठीच्या सरकारी प्रणालीवर नोंदणीकृत आहे का हे तपासून देणे, दहावी न झालेल्या मुलाला उत्प्रवासन मंजुरी का लागते ते समजावणे, तेथे गेल्यावर पगार अडला तर दूतावासाचा मार्ग दाखवणे, हे काम गावात बसूनही होते आणि ते परदेशी मिशनच आहे. स्थानिक आणि परदेशी कारभार एका हाती असावा असे मी म्हणतो, त्याचे आणखी एक कारण हे आहे.

सुवार्तिकांच्या वेतनाबद्दल फार लिहीत नाही, कारण ती लाज सर्वांना ठाऊक आहे. दहा जणांना निम्म्या पगारावर ठेवून दहा नावे छापण्यापेक्षा तिघांना पुरते वेतन, आरोग्य विमा, वार्षिक रजा आणि निवृत्तीची तरतूद द्यावी. कुटुंबाचा खर्च भागवण्यासाठी सुवार्तिकाला आकडे फुगवावे लागतील, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर तोही मांडतो. आपल्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांचा रकाना अजून ठळक असतो. 1977 च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही असे म्हटले आहे. तो निकाल आपल्याला पटो वा न पटो, आपले अहवाल त्याच्या उजेडात वाचले जातात. मदतीच्या यादीशेजारी बाप्तिस्म्यांची यादी छापली की दुष्काळात पोटासाठी बाटलेले, हा आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेला टोमणा आपण स्वतःच पुन्हा लिहून देतो. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ख्रिस्तामध्ये माणूस म्हणून मिळालेली प्रतिष्ठा ओळखून, गावाचा रोष पत्करून पाऊल उचलले होते; त्यांच्या स्मृतीसाठी तरी मदत आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदी एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. वसतिगृहातील मुलांची छायाचित्रे नावांसह व्हॉट्सॲपवर टाकणेही थांबवावे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

मग नेमावे कोणाला? शक्यतो पाळकांना नको. त्यांची बदली होते आणि त्यांच्याबरोबर सगळे संबंधही जातात. परदेशात शिकून आलेला, सुंदर इंग्रजी बोलणारा उमेदवार आपल्याला चटकन भुलवतो; त्याला हिशेबाची वही वाचता येते का आणि त्याने मराठीखेरीज दुसरी एखादी भारतीय भाषा लोकांत राहून शिकली आहे का, हे आधी पाहावे. महिला मंडळातून उमेदवार शोधावा, असे मी आग्रहाने सुचवतो. सिंथिया फरारपासून खेडोपाडी पायी फिरून बायबल सांगणाऱ्या ‘बायबल स्त्रियां’पर्यंत या कामाचा भार स्त्रियांनी वाहिला, आणि समितीच्या बैठकीत मात्र त्या चहापुरत्या दिसतात. नेमणूक किमान पाच वर्षांसाठी असावी आणि शेवटच्या वर्षी पुढच्या व्यक्तीने सोबत काम करावे.

माझी विनंती अशी. निमंत्रकाच्या नियुक्तीपत्रावर सही होण्यापूर्वी, आपली मंडळी आज ज्या ज्या ठिकाणी काम करते, त्या प्रत्येक ठिकाणच्या मंडळीला, गावाला किंवा वसतिगृहाला कमिटीने एक पत्र लिहावे: आमच्या येण्याने काय झाले, पुढे आम्ही काय करावे आणि काय करू नये. ती उत्तरे सर्वसाधारण सभेत पूर्ण वाचली जावीत. कोणी ‘आता येऊ नका’ असे लिहिले असेल, तर तेही वगळू नये. नव्या निमंत्रकाने पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक या उत्तरांवरून तयार करावे, आणि समितीतील दोन जागा त्या ठिकाणच्या माणसांना, मतदानाच्या हक्कासह, द्याव्यात. त्यांचा प्रवासखर्च मिशन निधीतून करावा.

आपला ख्रिस्तबंधू,
एका मराठी मंडळीचा सभासद